भुशावर वरण-भात

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की जेवणाचं टेबल दुकानातून आणू नये. सुताराकडून करून घ्यावं. एवढं म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो, की जणू मी त्याला घरात जातं मांडून पहाटे ओव्या म्हणायचा सल्ला दिला आहे. “अहो, एवढा व्याप कोण करत बसतो आता? दुकानात जायचं, बोट दाखवायचं, तीन दिवसांत टेबल दारात!”

तीन दिवसांत टेबल दारात येतं, हे मला मान्य आहे. दारात काय, वर्गणीवालेही येतात. प्रश्न, आत आलेलं टेबल घरात किती दिवस नांदतं, हा आहे.

दुकानात गेलं की फसगत भाषेपासूनच सुरू होते. टेबलावर चिठ्ठी असते : ‘इंजिनीयर्ड वुड’. आपल्याकडे इंजिनीयर या शब्दाला लग्नाच्या बाजारात फार पूर्वीपासून वजन आहे. लाकूडही इंजिनीयर झालं म्हटल्यावर स्थळ नाकारायचं कसं? पण पदवीचा कागद बाजूला सारून आत पाहिलं, तर हा इंजिनीयर म्हणजे लाकडाचा चुरा, ढलप्या आणि भुसा चिकट रसायनात कालवून, दाबून, भाजून केलेली वडी असते. जाड दळलेला असला तर त्याला पार्टिकल बोर्ड म्हणतात, बारीक दळलेला असला तर एमडीएफ. रवा आणि मैदा यांत जो फरक, तोच. त्यावर पुन्हा ‘वॉलनट फिनिश’. हे फिनिश म्हणजे बहुतेक वेळा अक्रोडाच्या लाकडाचं चित्र छापलेला कागद. झाड काश्मिरात आणि फोटो आपल्या हॉलमध्ये! अक्रोडाशी त्या टेबलाचं नातं, माझं आणि रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं जितकं आहे, तितकंच.

भुसा वाया जाऊ नये, हे चांगलंच आहे. कोरड्या भिंतीला टेकून निमूट उभं राहणाऱ्या कपाटाला तो चालेलही. पण जेवणाचं टेबल ही मराठी घरातली कोरडी जागा नव्हे. तिथं ताक सांडतं, आमटी ओघळते, पाहुण्यांचं मूल पाण्याचा तांब्या आडवा करतं आणि त्याची आई “खोडकर आहे हं!” असं कौतुकानं सांगते. दिवसातून दोनदा ओलं फडकं फिरतं ते वेगळंच. भुशाच्या फळीच्या कडेला चिकटवलेली पट्टी एकदा सुटली आणि आत पाणी शिरलं, की ती फळी पुरीसारखी फुगते. पुरी निदान फुगल्यावर खाता येते. या फळीचं पुढं काहीच करता येत नाही. तिला रंधा मारता येत नाही, कारण खाली पुन्हा भुसाच. ढिला झालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा आवळला तर तो नुसता गोल फिरतो; कामचुकार माणूस टेबलाटेबलांवरून फिरतो तसा.

आता दुसरा मुद्दा, मापांचा. दुकानातलं टेबल कुणासाठी केलेलं असतं? ज्याचे दोन्ही पाय जमिनीवर असतात, जो उजव्या हाताला सुरी आणि डाव्या हाताला काटा धरतो, अशा एका काल्पनिक गृहस्थासाठी. हे गृहस्थ आमच्या घरी आजवर जेवायला आलेले नाहीत. आमच्याकडे माणसं खुर्चीवरसुद्धा मांडी घालून बसतात. पिढ्यान् पिढ्या पाटावर बसलेली जात आहे ही. खुर्ची म्हणजे तिच्या लेखी उंच पाट. पण टेबलाच्या फळीखाली एक आडवी पट्टी असते, आणि मांडी घालायला गेलं की गुडघा नेमका तिच्यावर आपटतो. मग एक मांडी आत, एक बाहेर, अशा तिरप्या आसनात आपण श्रीखंड खातो आणि पाठ दुखते म्हणून डॉक्टरकडे जातो.

आमचं टेबल करणारे मिस्त्री मूळचे कोकणातले, वय साठीच्या पुढं. घरी आल्यावर त्यांनी प्रथम टेप काढली नाही. चहा घेतला आणि विचारलं, “साहेब, तुम्ही बसता कसे?”

“म्हणजे?”

“म्हणजे मांडी घालून का पाय सोडून?”

मी आयुष्यात पुष्कळ फॉर्म भरले आहेत आणि भरून घेतले आहेत. पण हा रकाना कुठल्याही फॉर्मात नव्हता. मी म्हटलं, “मांडी घालून.” त्यांनी खुर्ची मोजली. बैठक १७ इंचांवर. टेबल ३० इंचांवर धरलं, त्यातून फळीचा १ इंच गेला. खालची पट्टी साधारण ४ इंचांची असते, ती त्यांनी ३ इंचांवर आणली आणि मजबुतीत तूट येऊ नये म्हणून जाडी दीड इंच केली. ३० वजा १, वजा ३, वजा १७ : मांडीला राहिले ९ इंच. ताळेबंद जुळला! मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे; पण कुणाच्या गुडघ्याच्या बाजूनं इतका चोख हिशेब मांडलेला मी पाहिला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, “डावखुरं कोण आहे?” आमची मुलगी डावखुरी आहे. एका बाजूला दोघं बसली की तिचं डावं कोपर भावाच्या उजव्या कोपराशी भांडतं, आणि कोपरांचं भांडण तोंडापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. एका माणसाला २४ इंच जागा लागते, म्हणजे ५ फुटांत दोघं ऐसपैस बसतात. पण डावखुऱ्याला डावीकडचं टोक द्यायचं, म्हणजे २४ इंचांत शांतता नांदते. हे त्यांनी सांगितलं आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

तिसरा प्रश्न त्यांनी आईला विचारला. खरं म्हणजे ते टेबल आम्ही तिच्यासाठीच करत होतो. गुडघे गेल्यापासून तिला पाटावर बसता येईना. घरात सगळे खाली आणि ती एकटी खुर्चीवर ताट हातात धरून, हे तिला बरं वाटत नव्हतं. म्हणून ती “मला भूक नाही, मी मागाहून जेवते” म्हणू लागली होती. मिस्त्री म्हणाले, “आजी, जरा उठून दाखवा.” आई उठली. उठताना तिनं शेजारच्या स्टुलाची कड घट्ट धरली आणि सगळा भार त्या हातावर दिला. मिस्त्री तिच्याकडे नाही, तिच्या हाताकडे पाहत होते.

“म्हणजे टेबलावर नुसतं ताट नाही बसायचं, साहेब. माणूस बी उठायचा त्याच्यावरनं.”

म्हणून त्यांनी पाय अगदी कोपऱ्यांशी घेतले. फळी पायांच्या बाहेर फक्त १ इंच. फळी फार बाहेर काढली की दिसायला नाजूक दिसतं, पण कडेवर भार पडला की टेबल पलीकडून उचललं जातं. आईच्या बाजूची कड त्यांनी खालून गोल केली, मुठीत बसेल अशी. वरून पाहिलं तर काहीच कळत नाही. आता मला सांगा, हे कुठल्या दुकानात मिळतं? ‘आजी उठण्याची सोय’ या नावाचं फिनिश कुणी काढलं आहे का?

आई पुन्हा आमच्याबरोबर जेवू लागली. भूक नव्हती हे खोटंच होतं, हे पहिल्याच दिवशी तिसऱ्या पोळीला सिद्ध झालं.

आता लाकडाबद्दल. लाकडाची एक गंमत आहे. झाड तोडलं तरी त्याचं ऋतुमान सुटत नाही. पावसाळ्यात फळी हवेतला ओलावा पिऊन रुंद होते, उन्हाळ्यात आकसते. हे सगळं रुंदीत. लांबीत जवळजवळ काही नाही. ३ फूट रुंद फळी वर्षभरात एखाद-दोन सूत मागं-पुढं होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. (दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला; वखारीत मात्र अजून घनफूट आणि सूतच चालतं. सुताराचं आणि मिलिमीटरचं सूत जमलेलं नाही.) अशी हालणारी फळी खालच्या सांगाड्याला सगळीकडून डिंकानं चिकटवून टाकली, तर एखाद्या मे महिन्यात ती मधोमध चिरते. म्हणून जाणता सुतार ती चिकटवत नाही. सांगाड्याच्या आतून खाचा पाडतो, त्यांत लाकडाचे छोटे गुटके सरकते ठेवतो आणि स्क्रू गुटक्यातून फळीला मारतो. फळी धरलेली राहते आणि हलायलाही मोकळी. माणसं एकत्र कशी ठेवावीत याचं याहून चांगलं तंत्र मी एकत्र कुटुंबातसुद्धा पाहिलेलं नाही.

पाय आणि पट्ट्या यांचे सांधे त्यांनी खाच आणि कुसू पद्धतीनं केले. पायात पटाशीनं खाच कोरायची, पट्टीच्या टोकाला तिच्या मापाचा दात ठेवायचा आणि एकात एक बसवायचं. दात सैल झाला तर टेबल डुलतं, घट्ट झाला तर पाय चिरतो. मधली जागा कागदाच्या जाडीएवढी. ती हाताला कळते, यंत्राला शिकवावी लागते आणि आपल्याला कळतच नाही. आपण फक्त “जरा लवकर आटपा हं” एवढंच म्हणतो.

“पण सागवान आता परवडतं कुणाला?” हा पुढचा आक्षेप. आधी हिशेब पाहू. ५ बाय ३ फुटांची १ इंची फळी म्हणजे सव्वा घनफूट. ३ इंची चौकोनी चार पाय म्हणजे आणखी सहा दशांश. पट्ट्या धरून साधारण सव्वादोन घनफूट. कापण्या-रंधण्यात जाणारं धरून ३ घनफूट. एवढंच. लोक घाबरतात असे, की जणू त्यांना आख्खं आलापल्लीचं जंगल विकत घ्यायचं आहे. नवं सागवान परवडत नसेल तर जुनं घ्या. गावोगाव वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. त्या वाड्यांच्या तुळया आणि दारं कुठं जातात, याची चौकशी केली आहे का? जुन्या लाकडाच्या वखारीत. आमचं टेबल अशा तुळईतून निघालं. तिच्यात जुने खिळे निघाले, करवतीचे दोन दात गेले, आणि मिस्त्रींनी त्या खिळ्यांच्या पूर्वजांचा उद्धार केला. पण आत लाकूड कसं? मधासारखं. वर्षानुवर्षं वाळलेलं, डोकं शांत झालेलं. सागही नको असेल तर फणस आहे, आंबा आहे. सगळी लाकडं सागासारखी टिकणार नाहीत. पण लाकडं आहेत, लाकडांचे फोटो नाहीत.

आणि साग कुठला, म्हणता? आपलाच. दिल्लीच्या नव्या संसद भवनाचं उद्घाटन २०२३ साली झालं. त्यात लागलेलं सागवान नागपूरहून गेलं. त्याच वर्षी अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहून. म्हणजे देश चालवायला महाराष्ट्राचा साग लागतो, देवाला महाराष्ट्राचा साग लागतो, आणि महाराष्ट्रातला माणूस वरण-भात खातो तो भुशावर!

“सुतार महाग पडतो.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्याच्यावर व्याज लावावंसं वाटतं. समजा, दुकानातलं टेबल १८ हजारांचं आणि ते ६ वर्षं टिकलं. वर्षाला ३ हजार पडले. समजा, सुताराचं ५४ हजारांना पडलं, म्हणजे तिप्पट, आणि ३० वर्षं टिकलं. वर्षाला १८००. महाग कुठलं? धंद्यातल्या फर्निचरला आयकराच्या नियमात दरसाल १० टक्के घसारा मिळतो. सागाच्या टेबलाला तो लावणं मला पटत नाही. ३० वर्षांनीही त्याचं लाकूड कुणीतरी हौसेनं विकत घेईल. भुशाचं टेबल ६ वर्षांनी भंगारवाल्याला दिलं, तर तो लोखंडी पाय उचलतो आणि म्हणतो, “बाकीचं तुमच्याकडेच राहू द्या.”

“सुतार वेळेवर येत नाही.” खरं आहे. कबूल. ‘उद्या येतो’ या शब्दांचा सुतारी कोशातला अर्थ ‘अजून जिवंत आहे’ एवढाच असतो. पण तो आला नाही तर त्याच्या घरी जाऊन भांडता येतं, आणि भांडण संपल्यावर त्याची बायको चहा देते. दुकानाचं टेबल डुलायला लागलं तर फोनवर सुरेल आवाजात सांगतात, “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” आणि बासरी लावतात. बासरीनं टेबलाचा पाय घट्ट होत नाही. आमचे मिस्त्री पहिला पावसाळा गेल्यावर न बोलावता आले, टेबलाखाली वाकले, दोन गुटके तपासले आणि “आता काळजी नाही” म्हणून निघून गेले. तो कॉल खरोखर महत्त्वाचा होता.

सोसायटीचा त्रास असतो, हेही कबूल. ठोकाठोकीची वेळ ठरलेली. फळ्या लिफ्टमधून न्यायच्या नाहीत, कारण लिफ्ट माणसांसाठी आहे. ज्यांच्याकडे महिनाभर टाइल्स फोडण्याचं काम चाललं होतं, त्यांना आमच्या रंध्याचा आवाज सहन होत नाही. पण रंधा हा काही आवाज आहे? ढोलताशांच्या आणि ड्रिल मशीनच्या गावात रंधा म्हणजे कुजबुज.

हे सगळं झालं, तरी ज्यांना अकरा महिन्यांनी बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागतं, त्या मुलांशी माझं भांडण नाही. त्यांनी घडीचं टेबल घ्यावं आणि सुखी व्हावं. माझं भांडण आहे ते तुमच्या-आमच्याशी. ज्यांचं घर स्वतःचं आहे, कर्जाचे हप्ते निम्मे फिटले आहेत आणि जे सुतारासमोर बसले की अचानक गरीब होतात. दुकानात छापील किंमत निमूट देणारे आपण, मजुरीचा आकडा ऐकला की म्हणतो, “अहो, लाकूड तर आम्हीच आणून दिलं. मग एवढी मजुरी कसली?” आमच्याकडे आलेल्या एका नातेवाइकांनी हे मिस्त्रींच्या तोंडावर विचारलं. मिस्त्री रंधा न थांबवता म्हणाले, “लाकूड तुमचं. हात माझा हाय ना?”

त्यांनी नऊ दिवस काम केलं. मजुरी काय झाली ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की ठरलेल्या आकड्यातून मी एक रुपया कमी केला नाही, आणि नातेवाइकांनी मला व्यवहारशून्य म्हटलं. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर ही पदवी मिळणं सोपं नसतं.

मिस्त्रींना मुलगा आहे. बापाच्या हाताखाली तो खाच-कुसू शिकला. आता तो काय करतो? दुकानांतून आलेलं तयार फर्निचर घरोघर जाऊन जोडतो. हातात बॅटरीवरचा स्क्रू-ड्रायव्हर, दिवसात सात-आठ घरं. वाईट कमावत नाही. बापानं विचारलं, पटाशी विसरशील का रे? तर म्हणाला, “बाबा, पटाशीला धार लावायचे पैसे कोण देतो?” मिस्त्रींनी मला हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पॉलिशसाठी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळत होती, तोवर वेळ होता म्हणून सांगितलं. पण पोराचा तो प्रश्न मिस्त्रींना नाही, आपल्याला आहे, आणि आपण अजून उत्तर दिलेलं नाही.

पूर्वी गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. सुगीला चार पायल्या धान्य त्याच्या पदरात पडे. ते किती, हे देणारा ठरवी. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण तेव्हा गावाला निदान सुतार लागत होता. आता सरकारनं १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसायांत सुतार आहे. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, तारणाशिवाय कर्ज पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत, दुसऱ्यात २ लाखांपर्यंत, व्याज ५ टक्के. चांगली गोष्ट आहे. सरकार रंधा देईल, बँक कर्ज देईल. पण कर्जाचा हप्ता कर्जातून फिटत नाही, तो कामातून फिटतो. आणि काम द्यायचं खातं सरकारकडे नाही, ते तुमच्या-माझ्या जेवणघरात आहे.

तेव्हा, वाचकहो, पुढच्या वेळी टेबल घ्यायची हुक्की आली की एवढं करा. मोबाईलवरचं परदेशी टेबलाचं चित्र दाखवून “डिट्टो असंच” म्हणू नका. त्या चित्रात कुणी मांडी घातलेली नसते. घरात कोण कसं बसतं, कसं उठतं, ते मिस्त्रींना बघू द्या. लाकूड घ्यायला त्यांच्याबरोबर वखारीत जा; तुम्हाला काही कळणार नाही, पण त्यांना बरं वाटेल. चहा वेळेवर द्या. आणि मजुरी ठरवताना, हात जोडून सांगतो, “थोडं बघा ना” म्हणू नका. वर फुकट कोथिंबीर मागायची जागा वेगळी आहे.